उचल घेऊन गेलेला आणि ओळखीनं गेलेला

शिंदखेडा तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरी अडीच एकर कोरडवाहू, त्यात कापूस. फिटरचा आयटीआय झालेला. मामा सुरतेतल्या उधन्याला कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये आहे, तो म्हणतो निघून ये. गावचा मुकादम म्हणतो, ऊसतोडीची टोळी बांध, दीड लाख आज हातात देतो. मित्र म्हणतात, गेलेला माणूस गावाच्या कामाचा राहत नाही. आणि याच गावात दिवाळीनंतर मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडून बारेला आदिवासी कुटुंबं कापूस वेचायला येतात, त्यांच्या नावानं गाव रोज खडे फोडतं. तेव्हा बाहेर गेलेला माणूस जिथं जातो त्या जागेला आणि जिथून निघतो त्या गावाला खरंच काही देतो का? आणि आपण जावं का?

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मामाकडे जा. मुकादमाच्या पैशाला हात लावू नका.

नंदुरबार, नवापूर, उधना या पट्ट्यात मजुरांच्या कागदपत्रांचं आणि बुडालेल्या मजुरीच्या तक्रारींचं काम करता करता माझे केस पिकले. सुरतेला गेलेले पाहिले, बारडोलीच्या उसात गेलेले पाहिले, सौराष्ट्रात कापसाला आणि पुण्याकडे बांधकामाला गेलेलेही पाहिले. कोणाचं घर उभं राहिलं आणि कोण दहा वर्षांनी होता तिथंच राहिला, याचा माग काढत गेलं की अंतर, जात, शिक्षण, नशीब सगळं थोडंथोडं लागतं. पण सगळ्यात जास्त लागते ती एक गोष्ट: पैसा आधी घेतला की काम आधी केलं. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघालेला माणूस जुनं फेडायला जातो. नातेवाइकाच्या ओळखीनं, खिशात तिकिटापुरते पैसे घेऊन गेलेला माणूस नवं काही करायला जातो. दोघं एकाच गाडीत बसलेले असतात, घामही सारखाच गाळतात.

मुकादमाची वही तुम्हाला लवकरच हाताळायला मिळेल, म्हणून ती आत्ताच उघडून दाखवतो. लांबट वही, लाल पुठ्ठा, एका पानाला एक कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बायकोचं वेगळं पान नसतं, वेगळी मजुरी तर नसतेच. डावीकडे उचल, तारीख, अंगठा. उजवीकडे टनाचा आकडा, तोही कारखान्याच्या काट्यावरून मुकादमानं आणलेला. उचल वाटतात ती पोळ्याच्या आसपास, घरातला दाणा संपलेला आणि शेतातलं पीक अजून उभं असतं तेव्हा. ही वेळ सहज पडलेली नाही. समजा, दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या जोडप्यानं तेव्हा ४०,००० रुपये घेतले. फेड दिढीनं, म्हणजे ६०,०००. हंगाम १५० दिवस धरा, रोजची तोड सरासरी दीड टन धरा, झाले २२५ टन. टनाला ३०० रुपये धरले तर ६७,५००. उचल वजा जाता साडेसात हजार उरले. पण पाच महिने पोटाला ज्वारी आणि तेल मुकादमानंच दिलेलं असतं. ती खावटी १२,००० निघाली की होळीला घरी परतताना साडेचार हजार अंगावर. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. हिशेबाची रीत हीच आहे.

हे साडेचार हजार फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं. पोराला ताप आला, बैल मेला, पोरीचं लग्न निघालं, की त्याच पानावर आणखी एक ओळ चढते. अशा माणसाला ‘तू समाजाला काय दिलंस’ असं विचारायला माझी तरी जीभ वळत नाही. साखर देतो तो, अख्ख्या राज्याला. पण त्या देण्यातून त्याच्या नावावर काही उभं राहत नाही. आगाऊ पैशाच्या बदल्यात माणूस अडकवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यात येण्याजाण्याच्या प्रवासखर्चाची आणि विस्थापन भत्त्याचीही तरतूद झाली. मी ज्या टोळ्यांबरोबर बसलो त्यातल्या एकाही जोडप्याला हा भत्ता मिळाल्याचं मला आठवत नाही.

तुम्हाला टोळी बांधायला सांगितली आहे, म्हणजे कोयत्याच्या पानावर नाही, वहीच्या मालकीच्या बाजूला बसवलं जातंय. मोह होण्यासारखंच आहे. पण ते दीड लाख मोठ्या मुकादमानं कारखान्याकडून स्वतःच्या सहीवर उचललेले असतात. दोन जोडपी उचल घेऊन दुसऱ्याच टोळीबरोबर गेली की ती रक्कम तुमच्या अंगावर. मग वसुलीला तुम्हीच त्यांच्या दारात जाणार, आज ना उद्या त्यांची बकरी सोडून आणणार. आयटीआय झालेला, चार अक्षरं येणारा पोरगा मुकादमाला हवा असतो तो याच कामाला.

आता सुरत. ताप्ती व्हॅली रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेकडून अमळनेरच्या दिशेनं येऊ लागली, तेव्हापासून आपल्याला सुरत पुण्यामुंबईपेक्षा जवळची. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, मग व्यारा, बारडोली आणि उधना. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत; फलाटावर चालताना राज्य कधी बदललं ते कळतही नाही. ७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं सांगतात, त्या साली आणि त्यानंतर घरटी एक तरी पोऱ्या सुरतले गया. आज लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथल्या गल्ल्यांतून फिरलात तर निम्मं बोलणं अहिराणीत ऐकू येईल. शेवभाजीच्या हातगाड्या तर विचारूच नका.

सुरतेत कामाची एक न लिहिलेली वाटणी आहे. हिऱ्यात सौराष्ट्राची माणसं, यंत्रमागाच्या खात्यात ओडिशाच्या गंजामची जास्त. आपला माणूस मात्र एका जागी बांधून राहिला नाही. डाइंग मिलच्या जेट मशीनवर आहे, टेम्पोवर आहे, रिक्षावर आहे, भाजीच्या लारीवर आहे, महापालिकेत आहे. आणि बायकांचं काम तर कुठल्याच नोंदीत नाही. दुपारी लिंबायतच्या एखाद्या चाळीत जा. दारात साड्यांचे गठ्ठे पडलेले, माय आणि दोन पोरी मांडी घालून बसलेल्या, एक डिंकाच्या बाटलीनं थेंब टाकते, दुसरी त्यावर खडा ठेवते, तिसरी मागचे धागे कापते. नगावर पैसे. रिंग रोडच्या बाजारातून देशभर जाणाऱ्या साडीवर जी चमक असते तिच्यात यांच्या दुपारी गेलेल्या असतात. घरभाडं बऱ्याचदा याच पैशातून निघतं, नवऱ्याचा पगार गावी जातो. खानदेशी माणसानं सुरतेला काय दिलं हे मोजायचं तर मी या दारातून सुरुवात करीन.

त्या शहराचे वाईट दिवसही आपल्या लोकांनी अंगावर काढले. १९९४ च्या प्लेगात गाड्यांना लोंबकळून माणसं नंदुरबार-अमळनेरला उतरली, साथ ओसरल्यावर परत गेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरत बुडाली. पाणी तापीचंच, आपल्या शेतांच्या कडेनं गेलेलं. २०२० च्या टाळेबंदीत बायकापोरांसह माणसं महामार्गानं चालत निघाली, कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळ्याकडे आली. तीच माणसं पुढं त्याच वाटेनं परत गेली, कारण खोली तिथं होती, पोरांची शाळा तिथं होती. तोवर ते सुरतेचे झाले होते.

शाळेचं सांगायलाच हवं. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. परराज्यातल्या महापालिकेनं मराठी शाळा काढाव्यात याला कारण एकच, मराठी पोरांची संख्या आणि त्यांच्या आईबापांचा रेटा. तसंच आपल्या कुळांच्या दैवताचं, कानबाईचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, नारळाला डोळे-नाक लावून, साडी-दागिने घालून चौरंगावर. रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. घरातल्या पुरुषमाणसागणिक मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट होतात आणि ते भाऊबंदांनी मिळून संपवायचे असतात. पूर्वी या रविवारी सुरतेतली माणसं गावी पळायची, मिलमालक वैतागायचे. आता कितीतरी कुळांची कानबाई सुरतेतच बसते, आणि गावाकडचे भाऊ गाडी पकडून तिकडे जातात. ज्या दिवशी कुळाचं दैवत एका गावाहून दुसऱ्या गावी बसायला लागतं, त्या दिवसापासून माणसाला पाहुणा म्हणणं खोटं ठरतं.

राजकारणातही तेच झालं. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकाराऊत गावात जन्मलेले, सुरतेत पोलीस शिपाई म्हणून नोकरी केलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत आणि २०२४ ला केंद्रात जलशक्ती मंत्री झाले. लिंबायतमधून संगीता पाटील २०१२ पासून आमदार म्हणून निवडून येत आहेत. मला कोणत्याही पक्षाशी देणंघेणं नाही. मतदारयादीत नाव असलेल्या वस्तीला नळ लवकर येतो, एवढंच सांगायचं आहे. उसाच्या फडातल्या माणसाचं मत मात्र गावी असतं आणि मतदानाच्या दिवशी तो फडात असतो, त्यामुळे त्याला ना इकडचा पुढारी विचारतो ना तिकडचा.

मग गावाचं काय? तुमचे मित्र म्हणतात ते अर्धं खरं आहे. सुरतेहून आलेला पैसा पहिल्यांदा लग्नात जातो, मग स्लॅबच्या घरात, मग देवळाच्या कळसात. देवळाच्या पायरीवर संगमरवरी फरशी आणि तिच्यावर देणगीदाराचं नाव तुमच्याही गावात असेल. शाळेच्या संडासाला मात्र कोणी देणगी देत नाही. यावर मी पुष्कळदा चिडलो आहे, मंडळाच्या बैठकांत भांडलोही आहे. पण गेलेल्यांनी गावाला दिलेली एक मोठी गोष्ट कोणत्याच फरशीवर लिहिलेली नाही. त्यांच्या जाण्यामुळे मागं राहिलेल्यांची मजुरी वाढली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल ठरतं. जुन्या माणसांना विचारा, त्यांच्या तरुणपणी ते कसं ठरायचं. पाटील ओट्यावर बसलेला, सालदार खाली उभा, आकडा पाटील सांगणार. धान्य, कपडे, चपलेचा जोड यावर गडी वर्षभर राबायचा, रात्री बारीला पाणी भरायला सुद्धा तोच. आज काय होतं? आखाजीच्या आठ दिवस आधी मालकच सालदाराच्या घरी चहाला जातो, आणि गडी म्हणतो, बघतो, नाहीतर सुरतेला भाऊ बोलावतोच आहे. सुरतेला न गेलेल्याच्याही हातात सुरत हा पत्ता आला. ‘मजूर मिळत नाही’ अशी जी ओरड पारावर चालते, ती मजुराच्या बाजूनं ऐकली तर तिचा अर्थ वेगळा लागतो. शेतीचा खर्च वाढला हे खरंच आहे, तुमच्याही अडीच एकराला ते भोवतं. पण गावातल्या सगळ्यात खालच्या माणसाला मान वर करून बोलता आलं, याचं श्रेय मी गेलेल्यांना देतो.

आणि ती मोकळी झालेली जागा भरायला सेंधव्याकडून, खरगोनकडून, बऱ्हाणपूरकडून बारेला-पावरा माणसं येतात. तुमच्या गावाला जे सुरतेकडून हवं होतं, तेच ती तुमच्या गावाकडून मागतात. तुमचा मामा उधन्यात उतरला तेव्हा त्याच्याबद्दलही हेच बोललं गेलं: घाण करतात, भांडतात, स्वस्तात काम करून आमची मजुरी पाडतात. शब्द गुजराती होते इतकंच.

‘बाहेरचे’ म्हणून नाक मुरडण्याआधी खानदेश कोणी घडवला तेही बघायला हवं. लेवा आणि गुजर या आपल्याकडच्या नावाजलेल्या शेतकरी समाजांच्या परंपरेत आपण गुजरातेकडून आलो असं सांगितलं जातं. केळीचा सावदा-रावेर पट्टा, शहाद्याकडची बागायत यांच्या हातची. बहिणाबाई आसोद्याच्या, लेवा घरातल्या. अमळनेरात १९४५ साली एम. एच. प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढं विप्रो झाली. ते घराणं मूळचं इथलं नव्हे. त्या काळी कारखान्याचे शेअर घेऊन ते न विकलेल्या अमळनेरकरांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्याच असतील. वाकोदच्या भवरलाल जैनांचे पूर्वज राजस्थानातून आले. त्यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला, आणि पुढं ठिबकची नळी अन् टिश्यू कल्चरचं केळीचं रोप जळगावातून देशभर गेलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जळगावच्या बाजारपेठेत केलेली उलाढाल डोळ्यासमोर आहे. भुसावळ तर गावच रेल्वेनं आणलेल्या माणसांचं. १८६० च्या दशकात रूळ आले आणि त्यांच्यामागं कुठकुठली माणसं आली.

साने गुरुजी तरी कुठले? कोकणातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, नंतर १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, यशस्वी व्हावं म्हणून खानदेशातली गावं पायाखाली घातली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी उतरवून घेतली. बोलणारा गागोद्याचा, लिहून घेणारा पालगडचा, दोघंही कोकणातले, आणि नाव धुळ्याचं झालं. इतिहासाचार्य राजवाडेही बाहेरूनच धुळ्याला आले, १९२६ साली तिथंच वारले. त्यांच्या कागदपत्रांचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. यांना आपण कधी परके म्हटलं नाही. सेंधव्याच्या बारेल्याला म्हणतो, कारण तो गरीब आहे.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. आलेल्यांनी दिलं तसं घेतलंही. तळोदा-शहाद्याच्या काळ्या जमिनी ज्या भिल्लांच्या होत्या, त्या कर्जाच्या कागदावर, दारूच्या बाटलीवर, खोट्या अंगठ्यावर गेल्या. घेणाऱ्यांत सावकारही होते आणि शेतकरीही. आपल्याच जमिनीवर सालदार झालेल्या आदिवासींनी अंबरसिंग सुरतवंतींच्या मागं उभं राहून १९७२ च्या सुमारास शहाद्याला श्रमिक संघटना उभी केली आणि त्यातल्या काही जमिनी सोडवल्या. म्हणून ‘स्थलांतरितांचं योगदान’ असे सत्कार-समारंभ मला एका डोळ्यानंच बघवतात. जो आला त्याच्या हातात काय होतं ते विचारावं. भांडवल आणि कागद घेऊन आलेल्यानं कारखाने दिले, जमिनीही घेतल्या. नुसते हात घेऊन आलेल्यानं फक्त दिलं.

तुमच्या शेताजवळच्या बारेला कुटुंबाबद्दल म्हणूनच एक काम सांगतो, करायला दोन तास लागतात. त्यांची सहा-सात वर्षांची पोर दिवसभर कापसाच्या सरीत भावाला कडेवर घेऊन फिरत असेल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्ग वयाप्रमाणे द्यावा लागतो. मुख्याध्यापक सुरुवातीला कां कूं करतात, पट दोन महिन्यांनी पुन्हा गळेल या भीतीनं. आपल्या राज्यात अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, मूल पुढच्या गावी गेलं की तिथल्या शाळेला ते दाखवायचं. मुख्याध्यापकांना त्याची आठवण करून द्या, तीही गावातल्या माणसानं. आई एकटी गेली तर तिला फाटकातूनच परत पाठवतात.

आता तुमच्या निघण्याचं. घरचं शिधापत्रिकेवरचं नाव कमी करू नका. एक देश एक रेशन कार्डाची सुरुवात २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्या दोन जोड्यांपासून झाली, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरातची. आधार जोडलेलं असेल तर तुमच्या वाट्याचं धान्य उधन्याच्या दुकानात अंगठा लावून मिळतं, आईवडिलांचं गावात मिळत राहतं. दुकानदार ‘महाराष्ट्राचं कार्ड चालत नाही’ म्हणेल. चालतं. ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत, नाव अजून नसेल तर निघायच्या आधीच गावच्या सेवा केंद्रात घालून घ्या.

मिलमध्ये पहिल्या दिवशी विचारायची गोष्ट पगार नाही. तुम्ही मिलच्या हजेरीवर आहात की ठेकेदाराच्या, हे विचारा. बहुतेक वेळा ठेकेदाराच्या असाल. हरकत नाही, पण मग भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागा आणि पैसे भरले जातात का ते दर दोन महिन्यांनी स्वतःच्या मोबाइलवर बघा. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात, नाव यायला हवं. हात मशीनमध्ये गेला तर दवाखान्याचा आणि घरी बसण्याचा खर्च त्यातूनच निघतो. हजेरीच्या कार्डाचा फोटो दर आठवड्याला काढून मामीला पाठवून ठेवा. बुडालेल्या मजुरीच्या तक्रारीत माणसाकडे मी त्याच मिलमध्ये होतो याचाच पुरावा नसतो, आणि मग मालक सरळ म्हणतो, याला आम्ही ओळखत नाही.

पाळी बारा तासांची असेल, आठवड्याला दिवसाची-रात्रीची बदलेल. पहिले दोन महिने झोप जुळत नाही, भूक मरते, सगळ्यांचं तेच होतं. तंबाखू-गुटख्याची सवय याच दोन महिन्यांत लागते, रात्री जागं राहायला म्हणून. मिलची सांडपाण्याची टाकी साफ करायला ‘पाच मिनिटं उतर, वेगळे पैसे देतो’ असं कोणी म्हणालं तर उतरू नका, आत पडलेल्याला काढायलाही उतरू नका. त्या वायूनं एकामागून एक माणसं गेलेली आहेत. फिटर आहात, तर जेट मशीनवर हेल्पर म्हणून फार काळ राहू नका, देखभालीच्या खात्यात शिरा. तिथं पगार सुरुवातीला तेवढाच असतो, पण हातात कसब येतं, आणि कसबी माणूस महिन्याच्या शेवटी हिशेब चुकता करून शेजारच्या मिलमध्ये जाऊ शकतो. उसाच्या फडात हेच करता येत नाही. मालक बदलता येणं ही सुरतेनं आपल्या लोकांना दिलेली खरी कमाई, पगार त्याच्या मागून वाढला.

मामाच्या खोलीत आणखी चार जण असतील. भाड्यातला आणि खाणावळीतला वाटा पहिल्या महिन्यापासून द्या, मामा नको म्हणाला तरी. वस्तीतल्या भिशीत लगेच पडू नका. ओळख पटली की लहान रकमेची धरा, आणि दोन भिशा एकदम कधीच नको. गावी पैसे पाठवायचे ते आईच्या खात्यावर, तिचं खातं नसेल तर आधी उघडा. वडिलांच्या खात्यावर पाठवलेला पैसा भाऊबंदांच्या उसनवारीत जातो, हे मी वडिलांच्या वयाचा होऊन सांगतो आहे.

राहिलं शेत. ते विकायचं नाही. लग्नाच्या वेळी, घराच्या वेळी मोह होईल, तेव्हाही नाही. सुरतेत टाळेबंदीसारखं पुन्हा काही आलं तर परत यायला ती एकच जागा आहे. धाकटा भाऊ करत असेल तर उत्तम, नाहीतर चुलत्याला निम्म्या बटाईनं द्या, बी-खत कोणाचं आणि वेचणीची मजुरी कोणी द्यायची ते आखाजीलाच चार माणसांत बोलून घ्या. आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, दरवर्षी मुदतीत करून घ्या, फोन करून विचारा, झाली का म्हणून. सातबाऱ्यावर कापसाचा पेरा लागलेला नसला की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर माल घेत नाहीत, चुलत्याला भरलेली गाडी परत आणून खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात घालावी लागते, आणि ते नुकसान निम्मं तुमचंही असतं.